मातीची भट्टी (पाव-पिझ्झ्यासाठी): माती, बांधणी आणि भेगा. बेळगाव, खानापूर, निपाणी परिसर

मलप्रभाकाठ
खानापूर भागात परसात लाकडावरची घुमटाची भट्टी बांधायची आहे. आतला व्यास ७० सेंमी धरलाय. घरची माती तांबडी, जरा खोल गेलं की जांभा लागतो. नदीची वाळू मिळत नाही, क्रशरची एम-सँड (दगड फोडून केलेली वाळू) आहे. माती-वाळूचं प्रमाण किती? चिखलात पिंजर (भाताचा पेंढा) घालायची का? आणि भेगा पडू नयेत म्हणून आधीच काय करायचं? व्हिडिओत प्रत्येकजण वेगळंच सांगायलाय, म्हणून इथं विचारतोय.

तांबडमाती
प्रमाण मातीवर ठरतं, त्यामुळे आधी माती तपासा. वरची वीतभर माती बाजूला काढा, त्यात मुळं आणि कुजकं फार असतं. खालची घ्या, वाळवून फोडा आणि ४-५ मिमीच्या चाळणीनं चाळा. जांभ्याजवळच्या मातीत लोखंडी खडे खूप असतात, ते सगळे काढायचे.

सरळ भिंतीच्या काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ. खळखळून हलवा आणि ठेवून द्या. पहिल्या मिनिटात बसते ती वाळू, पुढच्या एक-दोन तासांत बसतो तो गाळ, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत सर्वांत वर जो गुळगुळीत थर दिसतो ती खरी चिकणमाती. हा थर एकूण उंचीच्या पाव ते तिसरा हिस्सा असेल तर काम होतं. बोटभरच असेल तर ती माती ओट्याच्या भरावाला वापरा आणि घुमटासाठी भातखाचराच्या खालच्या थरातली बघा. खानापूरला खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्था आहे ती उगाच नाही, त्या पट्ट्यात चांगली माती आहे. कुंभाराकडून दोन पोती विकत घेतली तर निम्मी डोकेदुखी संपते.

मग कांड्या करायच्या, ही पायरी कुणी गाळू नये. १:१, १:२, १:३ आणि १:४ (माती:वाळू, घमेल्याच्या मापानं). प्रत्येकाची ३० सेंमी लांब, ४ बाय ४ सेंमी जाडीची कांडी. ओली असतानाच सुरीनं बरोबर २० सेंमी अंतरावर दोन रेघा मारा. तेल लावलेल्या फळीवर सावलीत आठवडाभर ठेवा आणि रेघांमधलं अंतर पुन्हा मोजा. १९.६ आलं म्हणजे २ टक्के आकसली, चालेल. १९.२ म्हणजे ४ टक्के, त्या मिश्रणाला हात लावू नका. उलट बाजूनं, नखानं खरवडल्यावर वाळू झडत असेल तर वाळू जास्त झाली. चांगल्या चिकणमातीला बहुतेक वेळा १:२.५ च्या आसपास उत्तर येतं.

४ टक्के म्हणजे किती ते बघा. ७० सेंमी व्यास आणि ८ सेंमी जाडी म्हणजे बाहेरचा घेर २ मीटर ७० सेंमी. त्याचे ४ टक्के साधारण ११ सेंमी. आत वाळूचा साचा घट्ट बसलेला असेल तर घुमटाला आत सरकायला जागाच नाही. मग हे ११ सेंमी भेगांच्या रूपातच बाहेर पडणार.

निपाणीकडचा
आमच्याकडे सगळी काळी माती. वाळू जास्त घालून जमेल का?

तांबडमाती
नाही जमणार. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळताना तितकंच आकसतं. उन्हाळ्यात तुमच्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या त्यामुळेच. तांबड्या मातीत केओलिनाइट हे दुसरं खनिज जास्त, ते फुगत नाही. काळ्या मातीत पाचपट वाळू घातली तर आकसणं कमी होईल, पण मग पावसाळी हवेत ती परत फुगणार आणि जानेवारीत परत आकसणार. वीटभट्टीवाल्याकडून कच्ची माती घ्या. फक्त त्यात आधीच राख किंवा भुसा मिसळलाय का ते विचारा. मिसळलेली असेल तर आतल्या थराला नको. शाडू महाग पडतो आणि नुसता वापरला तर तोही चांगलाच आकसतो.

घुमट
वारुळाची माती कुणी सुचवली नाही अजून. चुलीला लोक वापरतातच, बारीक आणि चिकट असते. पण नागपंचमीला पूजा होते त्या वारुळाला कुदळ लावून गावाशी भांडण ओढवून घेऊ नका.

आता बांधणी. ओटा कमरेच्या उंचीचा, ८०-९० सेंमी. जांभ्याच्या चिऱ्यांत बाहेरची भिंत बांधा, आत दगडगोटे आणि मुरूम थरथर ओला करून चोपा. हा भराव बसला की वरचा घुमट तडकतो, म्हणून चोपण्यात आळस नको. ओट्याचा मधला वरचा १० सेंमी भाग उष्णता अडवणाऱ्या थरासाठी रिकामा ठेवायचा. त्यात रिकाम्या काचेच्या बाटल्या आडव्या लावून मधल्या फटींत भाताच्या तुसाची राख आणि पातळ चिखलाचं मिश्रण भरायचं. बाटल्या कुठून आणायच्या ते खानापूरकरांना सांगायला नको, गोवा जवळच आहे. राख तूस जाळणाऱ्या भट्टीवर मिळते. कच्चं तूस फरशीखाली नको, ते आतल्या आत धुमसतं आणि पोकळी होते.

वर चाळलेल्या कोरड्या वाळूचा २ सेंमी थर, पाणसळ लावून सपाट. त्यावर फायर ब्रिक (भट्टीची, उष्णता सोसणारी वीट) मसाल्याशिवाय, नुसत्या एकमेकींना भिडवून. वीट तिरकी सरकवायची नाही, सरळ वरून खाली सोडायची, म्हणजे खाली वाळूचा उंचवटा तयार होत नाही. एक वीट जरी १ मिमी वर राहिली तरी पाव काढायची फळी रोज तिथंच अडकणार. ९ x ४.५ इंची विटा, घुमटही विटांवरच बसवायचा तर तोंडासकट २६ ते २८ लागतात. भट्टीत ४५०-५०० अंशांच्या वर काही जात नाही, त्यामुळे सगळ्यात साध्या प्रतीची फायर ब्रिक पुरे.

उद्यमबाग
फायर ब्रिक आणि फायरक्ले (उष्णता सोसणारी माती) बेळगावात उद्यमबागेत फाउंड्रीला माल देणाऱ्या दुकानांत सुटं मिळतं, कोल्हापूरला जायची गरज नाही. जुन्या भट्टीतून काढलेल्या विटा स्वस्त मिळतात, पण धातूचा मळ चिकटलेल्या घेऊ नका, त्यावर पाव ठेवायचाय. तसंच फाउंड्रीची वापरलेली काळी वाळू फुकट मिळते म्हणून आणू नका. तिच्यात कोळशाची भुकटी नाहीतर रेझिन असतं, तापल्यावर घाण वास मारते. नवी सिलिका सँड चालते.

घुमट
बरोबर. आणि एम-सँड काँक्रीटची घ्या, गिलाव्याची बारीक नको. क्रशरच्या वाळूचे दाणे कोनेदार असतात, ते एकमेकांत अडकतात, या कामाला नदीच्या गोल वाळूपेक्षा चांगलेच. पण धूळ फार असते. एकदा पाण्यात धुऊन निथळून घ्या, नाहीतर धुळीमुळे पाणी जास्त लागतं आणि आकसणं वाढतं.

साचा: फरशीवर ७० सेंमीचं वर्तुळ आखा, मध्ये ४० सेंमीची काठी उभी करा, काठीचं टोक झाकेपर्यंत ओली वाळू थापा. साधारण १० घमेली लागतात (१० लिटरचं घमेलं). सुरुवातीची १५-२० सेंमी जवळजवळ उभी, मग वळण. चपट्या छताची भट्टी लवकर बसते. वरून ओल्या वर्तमानपत्राचे दोन थर, म्हणजे नंतर आतली वाळू काढताना कुठं थांबायचं ते कळतं.

घुमटाला ८ सेंमी जाडीसाठी ३ घमेली माती आणि ७ ते ८ घमेली वाळू. माती दोन दिवस आधी भिजत घाला. ताडपत्रीवर पसरून पायांनी तुडवा, ताडपत्रीचं टोक धरून उलटवा, परत तुडवा. पाणी कमीत कमी. मुठीएवढा गोळा छातीच्या उंचीवरून सोडला तर जरासा चपटा व्हावा. फुटला तर कोरडा, पचकन पसरला तर ओला. पहिल्यांदा बांधणारे सगळे ओलाच करतात, कारण तुडवायला सोपा जातो.

गोळे साच्यावर दाबायचे नाहीत, खालच्या थरावर दाबायचे. एक हात बाहेरून आधाराला, दुसऱ्यानं वरून खाली. गोलाकार थर चढवत एका दिवसातच वर मिटवा. मध्ये थांबावंच लागलं तर कड खडबडीत ठेवून बोटानं भोकं पाडा, ओलं गोणपाट टाका आणि दुसऱ्या दिवशी पातळ चिखल लावूनच पुढं चला.

तोंडाची उंची आतल्या उंचीच्या ६३ टक्के, म्हणजे ४० ला २५ सेंमी. रुंदी ३३-३५. उंची यापेक्षा जास्त ठेवली तर उष्णता बाहेर पळते, कमी ठेवली तर जाळाला हवा पुरत नाही आणि धूर कोंडतो.

मलप्रभाकाठ
वाळू कधी काढायची? आणि पिंजरीचं राहिलंच.

घुमट
अंगठा जोरात दाबल्यावर ठसा उमटतो पण बोट आत जात नाही, तेव्हा तोंड कापा आणि वाळू काढा. उन्हाळ्यात हे एक-दोन दिवसांत होतं. घाई केली तर छत बसतं, उशीर केला तर वर सांगितलेल्या ११ सेंमीची गोष्ट होते. मी उशिरापेक्षा थोडी घाई बरी म्हणतो.

पिंजर आतल्या थरात नको. आतून ती जळून जाते, तिच्या जागी नळ्या उरतात, थर पोकळ होतो आणि उष्णता धरत नाही. बाहेरच्या गिलाव्यात घाला.

अक्का_परसबाग
आमच्याकडच्या चुलींत पिंजर आणि शेण दोन्ही घालतात की ओ. त्या चांगल्या टिकतात.

घुमट
अक्का, चुलीला दर आठवड्याला सारवण होतं, भेग दिसायच्या आत बुजते. इथं आतून हात फिरवता येत नाही. शिवाय चूल उष्णता साठवत नाही, तिला भांड्याखाली जाळ हवा. भट्टीत जाळ बाजूला काढल्यावर भिंतीच्या साठवलेल्या उष्णतेवर पाव भाजायचा असतो. त्यासाठी आतला थर घट्ट आणि जड पाहिजे.

पण शेण-पिंजरीची खरी जागा बाहेर आहे, तिथं तुमचंच बरोबर. पहिला थर नीट वाळला की पातळ चिखलात भाताचं तूस कालवून ८-१० सेंमीचा हलका थर. मूठ दाबल्यावर गोळा राहील इतकाच चिखल, जास्त नाही. हा थर बाहेर असल्यामुळे इथं कच्चं तूस चालतं. त्यावर माती, वाळू, बोटाच्या दोन पेरांएवढी कापलेली पिंजर आणि चार दिवस मुरवलेलं शेण यांचा २-३ सेंमीचा गिलावा. पिंजर आखूड कापा आणि झाडून घ्या, लोंब्या राहिल्या तर गिलाव्यावर भात उगवतो.

घटप्रभा
याच धाग्यात विचारतो. भट्टी तयार आहे, आतला ८ सेंमीचा एकच थर, बाहेरून अजून काही लावलेलं नाही. तीन तऱ्हेच्या भेगा दिसतात. एक, वरच्या भागावर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं. दोन, तोंडाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातून माथ्याकडे गेलेली, बाहेरून ३ मिमी, जाळ केल्यावर रुंदावते. तीन, फरशीपासून वीतभर उंचीवर आडवी, निम्म्या घेराला. सिमेंटचं पाणी मारावं असं गवंडी म्हणतोय.

तांबडमाती
गवंड्याला चहा पाजून घरी पाठवा. पोर्टलँड सिमेंटला घट्ट धरणारे घटक ४००-४५० अंशांच्या आसपास मोडू लागतात, आणि सिमेंटचा थर मातीबरोबर फुगत-आकसत नाही. वर्षाच्या आत पोपडे निघतात आणि निघताना खालची मातीही घेऊन जातात. एम-सील, पांढरं सिमेंट, जाळी ठोकून प्लास्टर, यातलं काहीच नको. लोखंडी जाळी मातीच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते आणि आत गंजते, म्हणजे नव्या भेगांची सोय आपणच करून ठेवायची.

आता तुमच्या तिन्ही भेगा.

बारीक जाळं: वरचा पृष्ठभाग आतल्यापेक्षा लवकर वाळला. ऊन, वारा, नाहीतर शेवटी हात ओला करून फार गुळगुळीत केलं की बारीक माती वर येते आणि तीच तडकते. खोली नखाएवढी असते. सोडून द्या, पुढच्या थराला धरायला उपयोगी पडतात.

कोपऱ्यातून वर गेलेली: ही तापण्याची भेग. आत ४०० अंश, बाहेर हात ठेवता येईल इतकं. आतला घेर २.२ मीटर, तो तापल्यावर ५ मिमी तरी वाढू बघतो आणि बाहेरच्या थंड थराला ताणतो. माती दाब सोसते, ताण सोसत नाही. जिथं आकार अचानक तुटतो, म्हणजे तोंडाचा कोपरा, तिथूनच ती फाटते. ही भेग जवळपास प्रत्येक मातीच्या भट्टीला पडते, कुठं पडते तेवढंच आपल्या हातात. तोंडाची कमान गोल ठेवली आणि कडेला २-३ सेंमी जाडी वाढवली तर बारीक राहते. घुमटाचा आकार कमानीसारखा दाबावर उभा आहे, एका उभ्या भेगेनं तो पडत नाही.

आडवी भेग: दोन दिवसांच्या कामाचा सांधा. खालचा थर वाळल्यावर वरचा चढवला असणार. हिच्याकडे लक्ष द्या. भेगेच्या वरचा भाग खालच्यापेक्षा आत किंवा बाहेर सरकलाय का ते पट्टी टेकवून बघा. सरकला नसेल तर दुरुस्ती होते. ५ मिमीपेक्षा जास्त सरकला असेल तर वरचा भाग उतरवा. जो भाग भाजून लाल झालेला नाही तो भिजवला की परत मऊ होतो, तीच माती परत वापरा.

घटप्रभा
पट्टी लावून बघितली, सरकलेलं नाही. मग बुजवायचं कसं? पातळ चिखल ओतला होता, वाळल्यावर दोन्ही बाजूंनी सुटून आला.

तांबडमाती
सुटणारच. पातळ चिखलात पाणी जास्त, वाळू कमी, म्हणजे सगळ्यात जास्त आकसणारी वस्तू तुम्ही भेगेत भरली. बुजवायचं मिश्रण मूळच्यापेक्षा वाळूदार हवं: मूळ १:२.५ असेल तर हे १:३.५, माती आणि वाळू दोन्ही मैद्याच्या नाही तरी रव्याच्या चाळणीतून काढलेली, आणि लाडू वळता येईल इतकं कोरडं.

भट्टी कोमट असताना काम करा. तापलेली असताना भेग उघडी असते, त्या वेळी भरली तर थंड होताना बंद व्हायला जागा राहत नाही आणि ताण शेजारी जातो. पूर्ण थंड असताना बारीक भेगेत मिश्रण शिरत नाही. जुन्या स्क्रू-ड्रायव्हरनं भेग १ सेंमी रुंद आणि २-३ सेंमी खोल खरवडा, आतली बाजू तोंडापेक्षा थोडी रुंद राहू द्या म्हणजे भरलेलं बाहेर पडत नाही. धूळ ब्रशनं आणि फुंकून काढा. मग पाणी शिंपडा, थांबा, परत शिंपडा, पाणी पिणं थांबेपर्यंत. बहुतेकांची दुरुस्ती इथंच फसते: कोरडी भिंत नव्या मातीतलं पाणी शोषून घेते आणि सांधा धरतच नाही. आता मिश्रण थोडं थोडं, काठीच्या टोकानं ठासत भरा. अर्ध्या दिवसानं कडक होत आलं की लाकडी थापीनं हलके ठोके द्या. वर ओलं फडकं, दोन दिवस.

२ मिमीच्या आतली भेग बुजवूच नका. जाळ लावताना ओला पाला टाकून धूर करा. ज्या भेगेतून धूर येतो ती आरपार आहे, तेवढ्याच भरा.

उद्यमबाग
फायरक्लेमध्ये सोडियम सिलिकेट घालून भरलं तर दगडासारखं होतं. त्याबद्दल?

घुमट
दगडासारखं होतं हाच त्रास. शेजारची माती मऊ, मध्ये कडक पाचर. पुढच्या जाळाला तिच्या कडेनं नवी भेग जाते. फरशीची वीट आणि तोंडाची विटांची कमान यांच्या सांध्याला ते ठीक आहे, घुमटाला नाही.

मलप्रभाकाठ
पहिला जाळ किती दिवसांनी?

घुमट
सावलीत दोन-तीन आठवडे. पहिल्या तीन-चार दिवशी फक्त काटक्यांचा हाताएवढा जाळ, दोन-तीन तास, बाहेरून भिंत कोमट होईल एवढाच. मग रोज थोडा वाढवा. निखारे काढल्यावर तोंडाशी स्टीलचं ताट धरा. ताटावर वाफ जमत असेल तर आत पाणी आहे, मोठा जाळ नको. घाई केली तर आतली वाफ बाहेर पडताना आतून खपल्या उडवते, आणि त्या बुजवता येत नाहीत.

पुढं रोजच्या वापरात आतली काजळी जळून छत स्वच्छ झालं की भट्टी तापली. निखारे बाहेर ओढा, फरशी ओल्या फडक्यानं पुसा, तोंड झाकून अर्धा तास थांबा, म्हणजे उष्णता सगळीकडे सारखी होते. चिमूटभर पीठ फरशीवर टाका: १५-२० सेकंदांत तपकिरी झालं तर पाव लावा, लगेच काळं झालं तर अजून थांबा. लाकूड बाभळीचं उत्तम. रंगवलेलं, प्लायवूड आणि काजूची टरफलं नकोत. रानातून गोळा करत असाल तर बिब्याचं लाकूड ओळखून बाजूला काढा, त्याचा धूर अंगावर उठतो.

अक्का_परसबाग
पावसाचं काय पण? खानापूरचा पाऊस म्हणजे गंमत नाही.

तांबडमाती
अक्कांनी मुद्द्याचं विचारलं. आतून काही सेंमी भाजतं, बाहेरचा भाग कच्चाच राहतो. कच्च्या मातीवर खानापूरचा एक जुलै गेला की ओट्यावर चिखलाचा ढीग. पाऊस पश्चिमेकडून तिरका येतो, म्हणून तोंड पूर्वेला किंवा ईशान्येला. वर मंगळुरी कौलं किंवा पत्रा, घुमटाच्या बाहेर चारी बाजूंना किमान ६० सेंमी, पश्चिमेला मीटरभर. तोंडासमोर आग उसळते, तिथं लाकडी वासे मीटरभर तरी लांब ठेवा. प्लॅस्टिकची ताडपत्री घुमटाला घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो आणि माती मऊ पडते. हवा खेळती राहू दे.

बाहेरून चुन्याचा गिलावा चालतो, चुना १, वाळू ३, आठवडाभर ओला ठेवून. तो पाण्याची वाफ बाहेर जाऊ देतो. पण छपराऐवजी नाही, छपराखाली.

पावसाळ्यात भट्टी बंद असेल तर माती हवेतलं पाणी धरते. गणपतीनंतर पहिल्यांदा पेटवताना परत काटक्यांपासून सुरुवात करायची, थेट मोठा जाळ नाही. दसऱ्याला भेगा उमललेल्या दिसतात त्यातल्या बऱ्याच याच कारणानं.

मलप्रभाकाठ
म्हणजे संक्रांतीनंतर सुरू करू? आधी ओटा, मग छप्पर, मग घुमट असा क्रम धरतोय.

घुमट
क्रम बरोबर. कांड्या मात्र आत्ताच करून ठेवा, त्यांना आठवडा लागतो. घुमट फेब्रुवारीत चढवला तर मार्चअखेर दोन्ही थर वाळतात. एप्रिलमध्ये वळीव कधी येईल सांगता येत नाही, आणि तो छपराखालीही वाऱ्याबरोबर घुसतो. तोवर गिलावा झालेला पाहिजे.

घटप्रभा
आडवी भेग सांगितल्याप्रमाणे भरली. ओलं फडकं काढलं, कडा सुटलेल्या नाहीत. तुसाचा थर आता चढवू का?

तांबडमाती
नको. आधी दोन-चार वेळा तापवा आणि धूर करून बघा. तूस चढल्यावर खालची भेग दिसणार नाही.